चौदाव्या होलचे पाच फटके

मी, उल्हास दीनानाथ नाबर, वय वर्षे ७८, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, पूर्वी राहणार सरोजिनी नगर, हल्ली गुरुग्राम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर सुनीती गुप्ते यांनी दिला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी कुमुद समोर बसून मटार सोलते आहे आणि मधूनमधून "झालं का?" विचारते आहे, त्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. गुरुग्रामचा फ्लॅट माझ्यामागे कुमुदचा. चिरंजीव जयंतने "आई, बंगलोरला शिफ्ट हो ना यार" म्हणून तिचा पिच्छा पुरवू नये. जायचे तेव्हा ती आपणहून जाईल.

२. बँकेतल्या ठेवी कुमुदच्या, तिच्यानंतर जयंतच्या. यात लिहिण्यासारखे काही नाही.

३. माझा इंग्रजी टाइपरायटर भंगारात घालावा. ऑफिसने निकालात काढला तेव्हा मी तो लिलावात घेतला. दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नये एवढ्यासाठीच घेतला. कारण कलम ५ मध्ये येईल.

४. बाल्कनीतला पटर, म्हणजे गोल्फचा चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, जयंतला द्यावा. कुमुद गेली एकोणचाळीस वर्षे तो कठड्यावर आपटून माकडे हाकलते. अट एकच: हा कोणाचा, असे कोणी विचारले तर पूर्ण सांगायचे, अर्धे नाही.

तो फिनबार हेगर्टी याचा. परदेशी माणूस, पण आमच्या घरी पाटावर मांडी घालून जेवला, म्हणून 'तो' म्हणतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर चार गाई आणि बटाट्याचे शेत असलेले घर. बाराव्या वर्षी दुसऱ्यांच्या गोल्फच्या बॅगा उचलायला लागला, तेविसाव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू झाला. गावाजवळच्या क्लबात शिकवायची नोकरी, उरलेल्या दिवसांत स्पर्धा. आपल्या देशातल्या मोठ्या स्पर्धेत दोनदा दुसरा आला. पहिला कुठेच नाही. १९७९ च्या फेब्रुवारीत दिल्लीतल्या स्पर्धेला आला तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता आणि म्हणायचा, इथे जिंकलो तर आणखी तीन-चार वर्षे खेळायला बोलावतील, नाहीतर संपले.

५. या कलमाचा विषय माझा अपराध.

स्पर्धेच्या समितीचे अध्यक्ष आमचेच जॉइंट सेक्रेटरी साहेब होते. नियमांची पुस्तिका मी टाइप केली होती, म्हणून ती मला तोंडपाठ. काठी मात्र कधी हातात धरली नव्हती. शेवटच्या दिवशी, रविवारी, फिनबारचा जोडीदार पोट बिघडून झोपून राहिला. खेळाडूचे फटके दुसऱ्याने मोजून कार्डावर लिहायचे असतात; त्याला मार्कर म्हणतात. साहेब म्हणाले, "नाबर, तू जा." अठरा होल मी त्याच्यामागे चाललो. एका फटक्याने तो जिंकला.

दवाने कार्ड भिजले होते, पेन्सिल फिसकटली होती, वर माझ्याच चहाचा डाग. असला कागद साहेबांपुढे ठेवायची आम्हाला सवय नाही. मी कोरे कार्ड घेतले आणि सुवाच्य अक्षरात फेअर कॉपी केली. चौदाव्या होलला पाच फटके लागले होते, पंधराव्याला चार. मी उलटे लिहिले. बेरीज तीच राहिली. फिनबारने बेरीज पाहिली, माझी पाठ थोपटली, सही केली. एका जरी होलला खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून खाली सही झाली, तर खेळाडू बाद. हा नियम मीच टाइप केलेला. चौदाव्या होलपाशी नोंद ठेवायला बसलेल्यांच्या वहीत पाच होते. अर्ध्या तासात फिनबार बाद झाला.

समितीपुढे तो एवढेच म्हणाला, "सही माझी, चूक माझी." माझे नाव घेतले नाही. ओले मूळ कार्ड माझ्या कोटाच्या खिशात होते. मी ते बाहेर काढले नाही.

मग साहेबांनी मला बाजूला घेतले. "नाबर, पी रखी थी क्या उसने? अपने ही शॉट याद नहीं?" मी म्हणालो, "कुछ कह नहीं सकता, सर."

अहो, कह नहीं सकता म्हणजे काय! चार तास मी त्याच्याबरोबर होतो. पण "नाही" म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता: मग चूक कोणाची? त्या वर्षी माझी बढती व्हायची होती. झाली.

सोमवारी फिनबार सरोजिनी नगरला आमच्याकडे जेवायला आला. तीन थालीपिठे खाल्ली. कुमुदचे बंधू भाऊसाहेब पाहुण्यासाठी रमची बाटली घेऊन आले होते. फिनबारने हसून कोटावरची लहानशी पिन दाखवली. चर्चमध्ये आईसमोर त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली होती, त्याची ती खूण; जन्मात थेंब घेतला नव्हता. निघताना पटर कुमुदच्या हातात दिला.

मंगळवारी मी कलम ३ मधल्या टाइपरायटरवर समितीचे इतिवृत्त टाइप केले. त्यात एक वाक्य होते: "खेळाडूने मद्यपान केले नव्हते असे मार्कर सांगू शकला नाही." तीन प्रती काढल्या. एक आयर्लंडला गेली.

त्याच्या क्लबाने त्याला काढून टाकले. पुन्हा कुठल्या स्पर्धेचे बोलावणे आले नाही. एका पेट्रोल पंपामागच्या मैदानात तो हौशी लोकांना चेंडू मारायला शिकवत राहिला. दर दिवाळीला त्याचे पत्र यायचे. कुमुदची चौकशी, थालीपिठाची आठवण. त्या रविवारचा शब्द नाही. मला वाटायचे, त्याला काही कळलेलेच नाही.

२००६ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी त्याची मुलगी नोरा हिचे पत्र आले. वडिलांच्या कागदांत तिला इतिवृत्ताची प्रत सापडली होती. म्हणजे त्याने ते वाक्य वाचले होते. वाचूनही सत्तावीस दिवाळ्या मला पत्र लिहिले. नोराने विचारले होते, "बाबा पीत नव्हते. तुम्ही त्यांच्याबरोबर होता. तुम्हाला काय दिसलं?"

अकरा वर्षे मी उत्तर दिलेले नाही. मसुदे एकोणीस झाले. मला लाज वाटते, आणि ती लपवायचा आता कंटाळा आला आहे.

सबब, माझ्या मृत्यूनंतर जयंतने मूळ कार्ड आणि सोबतचे बंद पाकीट नोराला पाठवावे. (हे वाक्य रद्द. उ. दी. ना.)

६. हे कलम दुपारी लिहीत आहे. साक्षीदारांची वाट पाहताना कुमुदने वरचा मजकूर वाचायला घेतला. कार्डावरची आकड्यांची अदलाबदल तिला माहीत होती. इतिवृत्त माहीत नव्हते. मटार तसेच राहिले.

"सोमवारी तो आपल्याकडे जेवला, आणि मंगळवारी तुम्ही हे टाइप केलंत?"

"हो."

"भाऊसाहेबांना त्यानं पिन दाखवली तेव्हा तुम्ही तिथंच होतात ना?"

"होतो."

तेवढ्यात शेजारचे अविनाश टिपणीस सही करायला आले. कुमुद म्हणाली, "अविनाश, थांबा जरा. सही नका करू." मग माझ्याकडे वळली. "अहो, तिनं जिवंत माणसाला विचारलं होतं. तुम्ही मेल्यावर उत्तर देणार? मग तुम्हाला उलट कोण विचारणार?"

"म्हणूनच तर..." मी म्हणालो, आणि जीभ चावली. खरे कारण बाहेर पडले होते.

मी पाकीट फोडले. आत चार पाने. साडेतीन पानांत त्या काळी सरकारी नोकरीत कसे असायचे याचा खुलासा. ती फाडली. उरलेल्या अर्ध्या पानात एवढेच आहे, की तुझे वडील प्यायलेले नव्हते, कार्डावरची चूक माझी होती, आणि ते इतिवृत्त टाइप करताना मला हे ठाऊक होते. खाली पत्ता आणि फोन नंबर घातला. ते आणि मूळ कार्ड नव्या पाकिटात घातले. अविनाश मला गाडीने पोस्टात घेऊन गेले.

खिडकीतल्या मुलीने विचारले, "अंकल, अंदर क्या है?"

"पुराना कार्ड है."

"कोई वैल्यू है?"

मी म्हणालो, "कुछ कह..." आणि थांबलो. मग म्हणालो, "है. बहुत है." ती हसली आणि शिक्का मारला. पावती सोबत जोडली आहे.

७. नोराचे उत्तर किंवा फोन माझ्या हयातीत आला, तर तो माझा. माझ्यामागे आला, तर कुमुदने घ्यावा. नोरा जे बोलेल ते ऐकून घ्यावे. जयंतने किंवा आणखी कोणी माझी बाजू मांडू नये.

८. या कागदावर चार ठिकाणी खाडाखोड आहे, कलम ४ वर मटाराचा डाग आहे. सर्व माझ्या संमतीने. अविनाश म्हणाले, "नाबरसाहेब, कॉम्प्युटरवर नीट टाइप करून आणू का?" नको म्हटले. याची फेअर कॉपी करायची नाही.

स्थळ: गुरुग्राम
दिनांक: २४ जानेवारी २०१८

(सही) उल्हास दीनानाथ नाबर

आमच्यासमोर सही केली, त्या वेळी शुद्ध पूर्ण होती:

१. (सही) अविनाश टिपणीस, शेजारी
२. (सही) डॉ. सुनीती गुप्ते