कागलचा पडदा निळा

१८ नोव्हेंबर
कागलची लाइन आज बंद. आमचा लोकल चॅनल निपाणीचा, म्हणजे कर्नाटकातला; कागल महाराष्ट्रात. एका राज्याचा लोकल चॅनल दुसऱ्या राज्यात दाखवायचा नाही, असा नियम. पूर्वी आप्पांनी (चॅनलचे मालक) खांबाखांबावरून तार ओढली होती, कोण विचारत होतं! आता सगळं डिजिटल. केबल कंपनीनं कुठंतरी बटण दाबलं आणि पलीकडचं चित्र गेलं.
संध्याकाळी नेहमीसारख्या निधनवार्ता वाचल्या. निम्म्या मयतांचे सोयरे कागलकडचे. कुणासाठी वाचतेय कळेना.

२० नोव्हेंबर
आप्पांबरोबर बेळगावला, कंपनीच्या ऑफिसात. साहेब मराठीच बोलला, चहा पण पाजला. म्हणाला, "मोबाईलवर टाका की. कागलात बघू देत, न्हाय तर दुबईत. टीव्हीवर तेवढं जमत न्हाय."
मी म्हटलं, तोंड तेच, बातमी तीच.
"व्हय मॅडम, पर नियम टीव्हीचा हाय."
अर्ज ठेवून घेतला. डोकं आपटावं वाटलं. परतताना संकेश्वरजवळ आप्पा म्हणाले, "म्हातारी माणसं मोबाईल कुठं बघत्यात गं."

२३ नोव्हेंबर
कागलच्या आत्याचा फोन साधा, हॅलो म्हणण्यापुरता. रोज सातला डोक्यावर पदर घेऊन टीव्हीपुढे बसायची. मी नाव वाचलं की हात जोडायची, रक्षाविसर्जनाची वेळ पाठ करायची. आमच्याकडे घरचे सोडले तर मयताचा फोन कुणाला करायची पद्धतच उरली नाही. चॅनलवर दिलं की झालं.
तिला सांगायला हवं, की आता... उद्या करते फोन.

२७ नोव्हेंबर
मालनमावशी गेली. आत्याची जिवाची मैत्रीण. इथं निपाणीत एका गल्लीत वाढल्या, तंबाखूच्या वखारीत बरोबर कामाला. मुलगा फोटो घेऊन आला. मी वाचलं. रक्षाविसर्जन परवा सकाळी.

२९ नोव्हेंबर
रक्षाविसर्जनाला गेले. आत्या दिसेना. गुडघे धरले असतील म्हणून मालनमावशीच्या मुलाला विचारलं, "कागलला कळवलंस न्हवं?"
"आक्का, तुम्हीच वाचलासा की."
लाइन बंद झाल्यावर ओरडणारी मी. आणि वाचलं म्हणजे आत्याला कळलं, असं धरून बसले. रोजची सवय, दुसरं काय. तिची शेवटची भेट मी घालवली.

२ डिसेंबर
सगळं सांगायचं ठरवून आत्याला फोन केला. तीच बोलत सुटली.
"पडदा निळाच दिसतोय गं. तरी बसतो मी सातला. तू दिसंनास, म्हंजे कुणी गेलं न्हाय. बरंच हाय की."
मी सांगणार तोच ती पुढं म्हणाली,
"मालनला सांग, रविवारी येतो म्हणून. लई दिवस झालं बघून."
मी "ये" म्हणाले. ये म्हणाले मी!

५ डिसेंबर
बेळगावहून आप्पांना निरोप. अर्ज वर पाठवलाय. वर म्हणजे कुठं, ते साहेबालाही ठाऊक नाही.
परवा रविवार. आत्याला एसटीत बसायच्या आत सांगायलाच हवं. स्टुडिओतूनच फोन लावला. नुसती रिंग जातेय. परत लावला. मग घड्याळ बघितलं, सात वाजत आलेले. या वेळी ती कुणाचाच फोन घेत नाही, माझ्या बातम्या लागायच्या असतात.