परत म्हणणारं माणूस

४ फेब्रुवारी

चि. वॉशर हिला आजीचे अ. आ.

तू जहाजावर खुशाल आहेस असं धरून चालते. नसलीस तरी आम्हाला कळेपर्यंत तू बरी झालेली असतेस. अक्षर तुझ्या आईचं, बोलणं माझं. मला लिहिता येत नाही आणि तिला माझं बोलणं आवडत नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं. फोन केला असता, पण मला ऐकू यावं म्हणून तो मोठ्याने लावावा लागतो आणि मग तुझा बाप शेजारी येऊन उभा राहतो. आज त्याच्याविषयीच सांगायचं आहे.

त्याने हिरव्या गाडीचं इंजिन घरीच, गॅरेजमध्ये काढायचं ठरवलं आहे. गिअर टाकताना गाडी करवादते, क्लच गेला म्हणतो. तू सुट्टीवर आलीस की दोघं मिळून काढणार होतात ना, असं तुझ्या आईने विचारलं, तर तोवर थांबता येणार नाही म्हणाला. गाडी तुला ठाऊकच आहे. घरात माणसं चार आणि ही दोघांना बसवणार, तेही उघड्यावर. मी तिच्यात एकदाच बसले. उतरले तेव्हा अंबाड्याचे आकडे मागच्या रस्त्यावर सांडले होते. इतकी वर्षं त्या गाडीच्या अंगावरून त्याने जितक्या मायेने फडकं फिरवलं, तितकं लक्ष कुणाकडे दिलं असतं तर, असं मी म्हणत होते, पण इथे लिहिणारीने हात थांबवला आहे, म्हणून सोडते.

आता मुद्द्याचं. तुझ्या बापाचा विसराळूपणा वयाचा नाही, असं डोक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आजार आहे आणि तो वाढत जाणार. गोळ्यांनी फार तर सावकाश चालेल, पण मागे फिरणार नाही. तू परत आल्यावर सांगू, असं तुझ्या आईचं म्हणणं. मी म्हटलं, तेव्हा बाप घरात असेल, पण तिला ओळखणारा असेल की नाही कुणी सांगावं. त्यालाही सगळं कळलं आहे, म्हणून तर घाई. हाताला आठवतं आहे तोवर इंजिन एकदा काढायचं आणि स्वतः परत बसवायचं, एवढंच त्याला हवं आहे. काढायचं कौतुक नाही, बसवायचं आहे.

गॅरेजमध्ये त्याने तुझं नाव वॉशर ठेवलं तेव्हापासूनची तुमची बापलेकीची ती पद्धत तेवढी अडचणीची. कधी कशाला चिठ्ठी म्हणून लावली नाहीत. काढणाऱ्याने नाव ओरडायचं, दुसऱ्याने परत म्हणायचं, आणि परत म्हणेल त्याने लक्षात ठेवायचं. आता परत म्हणायला तू नाहीस. तुझ्या स्टुलावर मी बसणार आहे. अक्षर येत नाही त्याला लक्षात ठेवण्याची सवय असते.

रागावशील माझ्यावर. रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी
आजी

(आईंनी सांगितलं तसंच लिहिलं. मला हे असं कळवायचं नव्हतं. – आई)



२७ फेब्रुवारी

ती. आजीस वॉशरचा सा. न. वि. वि.

पत्र बंदरात मिळालं. इंजिन रूममध्ये एका पंपाच्या आडोशाला उभी राहून वाचलं. तिथे इतका गोंगाट असतो की कुणी रडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. मी रडले नाही, नुसतं सांगते आहे.

डॉक्टर चुकतात, आजी. बाबा थकले असतील. त्यांना झोप कधी धड लागते? हातात पाना धरून पाना शोधायची सवय तर मलाही आहे, आणि ती मी त्यांच्याकडूनच उचलली. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आईला सांग, मी रागावले नाही. तुझ्यावर थोडी रागावले आहे, पण ते नेहमीचंच.

इंजिनाला माझ्याशिवाय हात लावायचा नाही, असं त्यांना सांग. ऐकणार नाहीतच, तर निदान एवढं करा. आधी बॅटरीच्या तारा सोडवा. पाणी आणि तेल पूर्ण उतरू द्या. बॉनेट दोघांनी उचला, एकट्याने उचललं की रंग जातो. वर ओढायला शेजारचे वेल्डरकाका असू द्यात आणि कप्पीखाली कुणी उभं राहू नका. तू तर नाहीच. या वेळी तरी प्रत्येक भागाला चिठ्ठी लावा. आणि आतून गिअरचा दांडा काढायला विसरू नका. मागच्या खेपेला मी विसरले होते, इंजिन अर्ध्यात अडकलं होतं आणि बाबा घरी येईल त्याला ती गोष्ट सांगत सुटले होते. पाहुण्यांना चहाआधी वॉशरचा दांडा ऐकावा लागायचा.

लवकर सोडा म्हणून कप्तानांना विचारलं. माझ्या जागी माणूस मिळेपर्यंत सोडता येणार नाही म्हणाले. करार संपला की थेट घरी येते. तेव्हा मी आणि बाबा मिळून बसवू. त्यांना तसं सांग.

तुझ्या टोमण्यांची सवय आहे, ते कमी करू नकोस. लोभ आहे तो तसाच राहो.

तुझी
वॉशर



२० मार्च

चि. वॉशर, आजीचे अ. आ. घे.

तुझं पत्र आलं तेव्हा इंजिन बाहेर येऊन बसलं होतं. चिठ्ठ्यांचं तू आधी कळवलं असतंस तरी लावल्या नसत्या. त्याच्यासमोर चिठ्ठी लावायची म्हणजे तू विसरणार आहेस असं त्याच्या तोंडावर म्हणायचं. ते माझ्याने झालं नसतं, आणि मला वाचता तरी कुठे येणार होती?

पण तो दिवस फार चांगला गेला, तो आधी ऐक. सकाळी उठला तोच बाही सारून. वेल्डर त्याची पाइपांची तीन पायांची घोडी आणि कप्पी घेऊन आला. मी स्टुलावर. तुझा बाप एकेक भाग सोडवत होता आणि नाव ओरडत होता. हात एकदाही चुकला नाही. चुकत होते ती मी. कार्ब्युरेटर म्हणाला, ते माझ्या तोंडात मावेना. दोन आहेत आणि एकसारखे दिसतात, म्हणून मी जुळी म्हटलं. तो हसला, म्हणाला चालेल, फक्त लक्षात ठेव. मग मी सुटलेच. रेडिएटरची चाळणी केली. प्लगच्या वायरी म्हणजे वेण्या. धूर जायच्या नळ्या चार निघतात आणि पुढे एक होतात, ती बोटं. गिअरबॉक्स इंजिनाला मागे चिकटून येतो, तो शेपूट. वेल्डर हसून हसून बेजार झाला. तुझी आई चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तिथेच उभी राहिली. किती दिवसांनी ती त्याच्याकडे बघत होती आणि पहारा करत नव्हती.

मग साखळी ओढली. इंजिन तिरकं होऊन वर आलं आणि शेपूट आत अडलं. वेल्डर ओढतो आहे, गाडी कुरकुरते आहे आणि तुझा बाप नुसता बघत उभा. काय राहिलं ते त्याला सुचेना. मला सुचलं, कारण दांड्याचं नाव मी परत म्हटलंच नव्हतं. सरळ सांगायला जीभ वळेना, म्हणून मी वेल्डरला तुझी गोष्ट सांगायला घेतली, वॉशर एकदा दांडा विसरली होती ती. तुझा बाप खो खो हसला. हसता हसता वाकला आणि आतून दांडा काढला. कुणाकडे बघितलं नाही.

इंजिन बाहेर आलं आणि ओझं गेल्यावर गाडीने पुढून नाक वर केलं. माहेरी निघालेल्या बाईसारखं. त्याने रिकाम्या पोकळीत हात घालून आतून कडा चाचपल्या आणि उद्या क्लच, परवा बसवू म्हणाला.

दुसऱ्या सकाळी गॅरेजमधून आत आला तो लालबुंद होऊन. इंजिन कुणी चोरलं, असं विचारत होता. वेल्डरच्या दारात जाऊन त्याला नको ते बोलला. वेल्डर भला माणूस, शोधतो म्हणाला. तुझ्या आईने त्याला हाताला धरून आणलं आणि इंजिनावरचं कापड उचलून दाखवलं. त्याला पटलं. पण त्यानंतर रोज सकाळी चोरी होते आहे.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. तेही तेच म्हणाले, फक्त खुर्च्या बऱ्या होत्या.

तब्येत सांभाळ. आमच्यावर जीव असू दे, तो तिथून लावला तरी इथे पोचतो.

तुझी
आजी

(क्लचची पेटी आणली आहे. अजून उघडलेली नाही. – आई)



१४ एप्रिल

ती. आजी आणि ती. आई, दोघींना सा. न.

इथे मी एवढं मोठं इंजिन सांभाळते, माझी ड्यूटी असली की लोक निर्धास्त झोपतात, आणि तिकडे एक छोटं इंजिन कापडाखाली पडलं आहे ते मला बसवता येत नाही.

एक सुचलं आहे. आजी, तुला सगळा क्रम पाठ आहे. रोज बाबांना घेऊन गॅरेजमध्ये बस आणि आता उलटं कर. तू ओरड आणि त्यांना परत म्हणू दे. परत म्हणेल तो लक्षात ठेवतो, हा नियम त्यांचाच आहे. मी येईपर्यंत तेवढं टिकलं तरी आम्ही बसवू. पाना त्यांच्या हातात असेल, मी नुसती बाजूला उभी राहीन.

आई, तू जेवतेस ना? दोन ओळी तरी स्वतःच्या लिही. कंसातून किती दिवस बोलशील?

तुमच्या दोघींच्या मायेवरच इथे निभावते आहे. ती असू द्या.

वॉशर



९ जून

चि. वॉशर हिला आजीचे अ. आ., नेहमीपेक्षा जास्त.

तू सांगितलंस तसं केलं. रोज दुपारी आम्ही दोघं गॅरेजमध्ये बसतो. स्टुलावर आता तो असतो. मी बोट दाखवून ओरडते, तो परत म्हणतो. आधी दोन-तीन नावंच यायची, आता सगळी येतात. तुझी आई दारातून ऐकते. तिला वाटलं, जमतं आहे. चार दिवस मलाही वाटलं.

मग मी त्याच्या हातात पाना दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, छान आहे म्हणाला आणि मला परत दिला. वेल्डरने जुळी उचलून कुठे लावू म्हणून विचारलं, तर तू जिथे म्हणशील तिथे, असं म्हणाला. त्याच्याकडे नावं उरली आहेत, वॉशर, त्यांच्यामागची जागा उरली नाही. आणि नावंही माझीच. कार्ब्युरेटर म्हटलं की तो परक्या भाषेतलं ऐकल्यासारखा बघतो. जुळी म्हटलं की हसतो. त्याने जन्मभर गोळा केलं ते गेलं आणि मी थट्टेत बोलले ते राहिलं. हे ठरवून झालेलं नाही, पण झालं आहे खरं.

एक बरं झालं, चोरी थांबली. इंजिन कुठे आहे असं आता विचारत नाही. कापडाखाली काय आहे, हेही नाही. गाडी नाक वर करून उभी आहे.

तू येशील, वेल्डरला हाताशी घेशील आणि इंजिन बसवशील. तुला येतं ते. गाडी चालेलही. पण त्याने मागितलं होतं ते हे नव्हे, आणि ते आता होणार नाही. तू आशा धरून बसशील, म्हणून मीच सांगते. डॉक्टरांचं तू ऐकत नाहीस.

तुझा तेलकट बॉयलर सूटमधला फोटो आम्ही गॅरेजच्या खिडकीत ठेवला आहे. नावं म्हणून झाली की शेवटी मी फोटोकडे बोट दाखवते आणि वॉशर म्हणून ओरडते. तो परत म्हणतो, अगदी खणखणीत. दुसऱ्या दुपारी विचारतो, ही मुलगी कोण? मग मी पुन्हा ओरडते. तेव्हा तू येशील त्या दिवशी थेट आत येऊ नकोस. दारात थांब आणि तिथून मोठ्याने सांग तू कोण ते. तो परत म्हणेल. लक्षात ठेवायचं काम मात्र आता तुझं.

येईपर्यंत जिवाला जप. आमच्यावरचा लोभ तसाच ठेव, इकडून तो कमी होणार नाही.

तुझी
आजी

(सकाळी मीही ओरडून सांगते, मी कोण ते. – आई)