शेळीच्या हनुवटीवर

३ मार्च १९७५, आखाडा बाळापूर
परभणीचं कॉलेज सोडून दोन महिने. सरांच्या अंगावर वही फेकली, आता कोणत्या तोंडानं परत जायचं. अण्णा अजून माझ्याशी बोलत नाहीत. पेंटर उस्तादांकडं बोर्ड रंगवतो. स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याला पत्र्यावर शेळी पाहिजे. लुगडं नेसलेली, हातात किटली. "गिऱ्हाईक हासलं पायजे," म्हणला.

५ मार्च
चौकोन आखून शेळी उतरवली. शेळीच दिसते, बाई नाही. उस्ताद म्हणाले, "जानवर की आँखां बाजू में रहतीं. सामने ला. भवां दे. फिर देख, बात करेगी."
आणले सामने. कुणाचे डोळे ते मला माहीत होतं.

७ मार्च
चेहरा झाला. पाटलाच्या सुमनचाच. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपकेही दिले. गोंदताना ती हलली म्हणून तिसरा खाली घसरलेला, तसाच घसरवला. इतकं जवळून कोण बघतं तिला? दिवसभर शीळ.

१० मार्च
बोर्ड लागला. सु. बाजाराला आली होती. ट्रकवाला ओरडला, "ओ बाई, किटली कुठं ठिवली?" सगळे हसले. तिनं वर पाहिलं. मग माझ्याकडं. पदर हनुवटीवर ओढून निघून गेली.

११ मार्च
ओढ्याकाठी भेटली. मेंढरं चरून राहिली होती, ती माझ्याकडं बघतच नव्हती.
"काहून केलं?"
म्हणालो, जीव लावून काढलं.
"मंग तुह्या मायचं तोंड काढायचं होतं. लोकांनी हासावं म्हणून मला टांगलं व्हय?"
मी नखातला रंग खरवडू लागलो.
"शुक्रवारी पुसदचे पाव्हणे मला पाहायला येऊन राहिले. तू बौद्धवाड्यातला. दादाला कळलं तर तुहं न्हाई अन् माहंबी न्हाई खरं."

१२ मार्च
हॉटेलवाला बोर्ड उतरवू देईना. त्याची गचांडी धरली, लोकांनी सोडवलं. मग शिडी लावून शेळीला दाढी काढली, ठिपके झाकले. खालून कुणीतरी म्हणालं, "काहून रे, काय लपवून राहिला?" कुणी हसलं नाही. कालपर्यंत त्यांना नुसता संशय होता. आज मी शिडीवर चढून…

१३ मार्च
तिचा दादा दुकानावर आला. काठी घेऊन. उस्तादांनी मला मागं ढकललं. "गलती हो गई पाटील, अब्बी उतार देते."
"ऱ्हाऊ द्या. आता उतरवला तर गावाला अजून बोलायला मिळंल." माझ्याकडं बघून म्हणाला, "उद्या पाव्हणे जाऊ दे."
अण्णांनी मायला नरसीला मामाकडं धाडलं. मी निघू लागलो तर दारात आडवे झाले. "तू कुठं चालला? तू पळाला तर सगळ्या वाड्यावर येईल. तुला हितंच ऱ्हायचं."
दोन महिन्यांत पहिलं बोलणं.

१४ मार्च, शुक्रवार
अकराच्या गाडीनं पाच जण उतरले. थेट तिच्या घरी जातील वाटलं होतं. चहा घ्यायला म्हणून त्याच हॉटेलात शिरले. त्यातला म्हातारा बोर्डाखाली थांबून हसला. मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं. दाढीकडं बोट केलं, तेवढाच रंग नवा होता. हॉटेलवाल्याला काहीतरी विचारलं. हॉटेलवाल्यानं रस्त्यापलीकडं माझ्याकडं पाहिलं.
उस्ताद म्हणतात मागच्या दारानं जा. गेलो नाही. दुकानात बसून लिहितोय.
सु.ला त्यांनी अजून पाहिलेलं नाही. चहा झाला त्यांचा. उठले.