रानानं उभं केलं

चारठाण्याजवळचं रान,
१८ नोव्हेंबर २०२३

ती. सौ. मंजुताईस,
महारुद्रचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं दर वेळी भांडणच होतं, आणि डोंगराच्या टोकावर चढल्याशिवाय इथं रेंज बी मिळत न्हाई. म्हणून हे पत्र. आजोबांनी कधी नांगर लागू न दिलेल्या आपल्या सागाच्या रानात 'निवांत' सुरू झालं, ताई. मातीच्या खोल्या, झऱ्याकडं जाणारी पायवाट, सकाळी तेलमालिश आणि प्राणायाम, तुझ्या भावजयीच्या, शिवकन्येच्या हातची भाकरी नि अंबाडीची भाजी. मी पुण्याची नोकरी सोडली तेव्हा तू म्हणली होतीस, की लोक सोताच्या गावाकडं राहीनात, तुझ्या रानात कोण मरायला येतंय. नांदेडचं एक कुटुंब राहून गेलं. हैदराबादचे नवरा-बायको आलेत, ते जायचं नावच घेईनात.

आई लय खुशीत हाय. झटका आल्यापासून डावा पाय ओढणारी आपली आई आता काठी टेकत झऱ्यापर्यंत जाती. तिचा फोटो मी पत्रकावर छापलाय. खाली लिहिलंय, 'या रानानं आमच्या आईला उभं केलं.' वाचून पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

जमिनीच्या कागदावर तू सही दिलीस म्हणून हे झालं, हे मी विसरलो न्हाई. दाजींना नमस्कार. उत्तर धाड, रागावून का होईना.

तुझा,
महारुद्र


परभणी,
२ डिसेंबर २०२३

चि. महारुद्र यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राआधी तुझं पत्रक माझ्यापर्यंत पोचलं. वॉर्डात एका पेशंटच्या सुनेनं ते माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, की सिस्टर, आमच्या मामांना इथून काढून तिकडं नेऊ का. फोटोतली बाई माझी आई आहे हे मला तिला सांगता आलं नाही. लाज वाटली, रुद्रा.

आईला रानानं उभं केलं नाही. आमच्या दवाखान्यातल्या संघप्रियानं केलं. गेल्या वर्षी सबंध पावसाळा ती आईचा पाय हातात धरून व्यायाम करून घ्यायची. आई तिला शिव्या घालायची, आणि ती हसून म्हणायची, मावशी, अजून एकदा. तू पुण्यात होतास, तुला ते दिसलं नाही. शिवाय रोजच्या गोळ्या आहेत. रान चांगलंच आहे. तिथं आईला भूक लागते, झोप लागते, मन रमतं. तेवढंच लिही ना. तेवढ्यासाठीही लोक येतील.

ते वाक्य काढून टाक. मी सही दिली ती खोल्या बांधायला, असला शब्द द्यायला नाही.

आईच्या गोळ्या चुकत नाहीत ना? शिवकन्येला सांग, थंडी वाढली की आईला कानटोपी घाल. ती नको म्हणेल, तरी घाल.

आशीर्वाद आहेत, रागही आहे. दोन्ही पोचल्याचं कळव.

ताई


रान,
९ जानेवारी २०२४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

दोन्ही पोचलं. उत्तराला उशीर झाला कारण एकबी खोली रिकामी न्हाई. ते वाक्य काढलं असतं, पण लोक तेच वाचून यायलेत. मी काय कुणाला दवाखाना सोडा म्हणत न्हाई. दवा करणारे दवा करतील, आमी फक्त हवा देतो.

आई तर आता आमची मोठी वक्ता झाली. सांजच्याला पाहुण्यांना गोळा करून आपली कहाणी सांगती. दर वेळी कहाणी थोडी बदलती. परवाच्याला तर दवाखाना त्यातून पार गायबच झाला! झटका आला, रानात आणून टाकलं, झाडाला धरून उभी राहिले, संपलं. मी अन शिवकन्या तोंड दाबून हसलो.

पेडगावचे तात्याराव आलेत, शाळेचे रिटायर मास्तर. गेल्या साली त्यांनाबी झटका येऊन गेला, उजवा हात जरा कमी चालतो. त्यांचं अन आईचं लय जमलंय. दोघं मिळून झऱ्यावर जातात. त्यांच्या बायको पंचफुलाकाकू म्हणाल्या, हा माणूस इतका हसताना कैक वर्षांत बघितला न्हाई. मास्तर कालच सांगत होते, की इथं आल्यापासून गोळीबिळी काही लागत न्हाई, डोकं कसं हलकं झालंय. ताई, एवढं तरी कौतुक कर की.

माया आटू देऊ नको.

महारुद्र


परभणी,
१३ जानेवारी २०२४

चि. रुद्रा, आ.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. सकाळपासून फोन करते आहे, लागत नाही. माझी ड्यूटी सुटत नाही, म्हणून ही चिठ्ठी चारठाण्याच्या गाडीत कंडक्टरजवळ देते आहे.

कसली गोळी लागत नाही? झोपेची, का रक्त पातळ ठेवायची, का दाबाची? झटका येऊन गेलेल्या माणसानं रक्ताच्या आणि दाबाच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नसतात. चिठ्ठी वाचलीस की हातातलं काम टाकून त्यांना विचार. सोडल्या असतील तर त्यांना लगेच गाडीत घालून इकडं आण. मी वाट बघते.

ताई


रान,
१९ जानेवारी २०२४

ती. ताईस शि. सा. न.

वॉर्डात आपण समोरासमोर होतो. तू सलाइन लावत होतीस, मी भिंतीला टेकून उभा होतो. तिथं तोंड उघडलं न्हाई, म्हणून लिहितो.

तुझी चिठ्ठी मला त्याच सांजच्याला मिळाली होती. जेवणाची पंगत बसली होती. मी वाचली आणि खिशात घातली. म्हणलं, चार पाहुण्यांसमोर मास्तरांना काय विचारायचं, सकाळी विचारू. सकाळी मी उठायच्या आधीच मास्तर अन आई झऱ्याकडं निघाले होते. आईची हाक आली तेव्हा मास्तर पायवाटेवर पडले होते. तोंड वाकडं, डोळे उघडे. रस्त्यापर्यंत त्यांना बाजंवर उचलून आणलं. त्या पायवाटेला गाडी जाऊ नये असं मीच ठरवलं होतं, रानाची शांतता मोडू नये म्हणून.

गोळ्या सोडायला मास्तरांना आईनं सांगितलं होतं. तिनं सोताच्या गोळ्या दिवाळीतच बंद केल्यात. शिवकन्या हातावर ठेवायची, अन आई मागल्या दारी जाऊन टाकून द्यायची. मी विचारलं, असं का केलंस. तर म्हणली, तूच तर छापलंस की बाबा, रानानं उभं केलं म्हणून. मग मी कशाला खाऊ?

उद्या तिला तुझ्याकडं घेऊन येतो. पाहुणे परत पाठवले. राहिलेली पत्रकं चुलीत घातली, पण वाटलेली कुठून आणू?

महारुद्र


परभणी,
४ फेब्रुवारी २०२४

चि. महारुद्र यास आशीर्वाद. वि. वि.

आईचा दाब खूप वाढलेला होता, पण वेळेत सापडला. गोळ्या सुरू झाल्यात आणि मी तोंड उघडून बघते, गिळली का नाही. ती माझ्याशी बोलत नाही. रोज मास्तरांच्या खाटेजवळ जाऊन बसते, त्यांच्या पायाला हात लावते आणि परत येते.

मास्तरांचा जीव वाचला. वाचा गेली. उजवी बाजू पूर्ण गेली आहे. शुद्ध आहे, सगळं कळतं, आणि तेच बघवत नाही.

पंचफुलाकाकूंनी तुझ्यावर तक्रार केलेली नाही. मी त्यांना म्हणाले, तुम्हाला करायची असेल तर मी आड येणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या, की तक्रारीनं ह्यांना बोलता येणार हाय का? पण ह्यांनी रानातून धाडलेला निरोप ऐकून पेडगावात आणखी काही म्हाताऱ्यांनी गोळ्या बंद केल्यात. त्या पोरानं यावं आणि गावासमोर सोताच्या तोंडानं सांगावं.

तू गेलंच पाहिजेस असं मी म्हणत नाही. पण जाशील, असं धरून चालते.

ताई


रान,
२६ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

जाऊन आलो. मी तुझ्याकडून आईला घेऊन निघालो, तिला रानात सोडून मग पेडगावला जाणार होतो, तर ती गाडीत म्हणाली की आधी पेडगावलाच वळव. मी म्हणलं, तू येऊ नको, लोक बोलतील. तर म्हणली, बोलू दे, मी बी लय बोलले.

मारुतीच्या पारावर माणसं जमली होती. मी पाठ करून गेलो होतो, पण दोन वाक्यांत सगळं विसरलो. एकानं विचारलं, मास्तरांच्या जागी तुझा बाप असता तर? मग आई काठी टेकून उठली. म्हणली, ह्या पोरानं खोटं छापलं अन मला ते लय गोड लागलं. दवाखान्यातल्या पोरीनं माझा पाय चालवला, मी तिला शिव्या दिल्या. रानाला मी शिव्या दिल्या न्हाईत, म्हणून रान माझं झालं अन ती पोरगी परकी. मास्तरला मी बसवलं. तुमी गोळ्या खा.

एक म्हातारी तेवढी उठून घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आमच्यासमोर गोळी घेतली.

निघताना पंचफुलाकाकूंनी थांबवलं. म्हणाल्या, मास्तर घरी आल्यापासून दिवसभर भिंतीकडं तोंड करून रडतात. ह्यांना तुझ्या रानात नेऊन बसवू का? मी हो म्हणलो न्हाई, न्हाई बी म्हणलो न्हाई. मला त्या पायवाटेवर आता एकट्यालाबी जाववत न्हाई. तू सांगशील तसं करीन.

महारुद्र


परभणी,
३ मार्च २०२४

चि. महारुद्र यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

त्यांना आण. डॉक्टरांना विचारलं आहे. गोळ्या, व्यायाम, तपासणी काहीही चुकता कामा नये, आणि खोलीपर्यंत गाडी आली पाहिजे. आधी रस्ता कर, मग माणूस आण. सुरुवातीला संघप्रिया येऊन पंचफुलाकाकूंना व्यायाम दाखवून जाईल. हो म्हणायला तिनं वेळ घेतला, आणि ते बरोबरच होतं.

मास्तरांना बरं करायचं म्हणून नेऊ नकोस. ते होणार नाही कदाचित. भिंतीऐवजी झाडं दिसतील, तेवढंच. त्यांच्याशी फार गोड बोलू नकोस. त्यांना राग आला तर येऊ दे, त्यांचा तो हक्क आहे.

पुढं 'निवांत' चालवायचं का बंद करायचं, हे आत्ता मला विचारू नकोस. मला माहीत नाही.

आणखी एक. मीही रजा टाकली आहे. दवाखान्यात मी रोज दुसऱ्यांच्या उशा नीट करते, आणि घरी आल्यावर पाठ टेकली तरी डोळा लागत नाही. हे मी यांनाही सांगितलेलं नाही. मास्तरांच्या खोलीपासून जरा लांब, सावलीत, मला एक खाट टाकून ठेव. मला कुणी उठवायचं नाही, काही विचारायचं नाही. आईनंसुद्धा.

येते.

तुझी,
ताई