आयरिश जजसमोर माझी साक्ष

४ मार्च, मंगळवार
तारीख मिळाली. इथे मुलाकडे राहण्याच्या अर्जाचं अपील पुढच्या मंगळवारी, बर्मिंगहॅमलाच. पासपोर्ट सरकारजमा आहे. इथल्या सरकारने अर्ज नाकारला. म्हणणं, कराडला पुतणे आहेत, ते सांभाळतील, परत जा. सूनबाई म्हणाली, "बाबा, सारखा जिना चढउतार नका करू." मग कुठे जाऊ? खोलीत पलंग आणि इस्त्रीचा बोर्ड. आपण तिसरे.

१० मार्च, सोम.
उद्याच्या यादीत जजचं नाव आलं. आयरिश. शेजारच्या मोरीनबाई त्याच्याच गावच्या निघाल्या. मुलाने, महेशने, त्यांना विचारून मला मराठीत सांगितलं. आधी वकील. घराबाहेर काढलेल्यांच्या केसेस फुकट लढायचा. मग निवडून आला, आणि सभेत म्हणाला, बाहेरून येणाऱ्यांना मर्यादा हवी. मग जज. तेव्हापासून आपल्या लोकांच्या आयरिश क्लबात पाऊल नाही. हे बरोबर. मी कराड कोर्टात एकतीस वर्षं पट्टेवाला, आमचे साहेब गावात कुणाकडे चहासुद्धा घेत नसत.
पण उद्या तिघांपैकी कोण बसणार? वकील, पुढारी की जज?

११ मार्च
घोटाळा केला.
जज पांढऱ्या केसांचा, आवाज मऊ. अंगावर गाऊन नाही. मी सवयीने उभाच. तो दोनदा म्हणाला, बसा. मग दुभाषी बाईंकडून विचारलं, "तुमचे पुतणे कसे आहेत?"
पुतण्या दिलीपने घराचं कुलूप बदललं, माझी ट्रंक ओट्यावर काढली, हे सांगायचं ठरलं होतं. आमच्या वकीलबाईंनी चार वेळा घोकून घेतलं होतं. आणि मी म्हटलं, "चांगले आहेत साहेब. घरंदाज. दार उघडंच असतं."
एकतीस वर्षं कोर्टात तेच पाहिलं. भाऊ भावाची लक्तरं काढतो, व्हरांड्यात लोक हसतात. जीभ वळलीच नाही.
जजचं पेन थांबलं. "नक्की?"
"येस सर."
परतताना सिग्नलला महेश म्हणाला, "इज्जत कुणाची वाचवलीत बाबा? दिलीपची? मग मी कोण?"

१३ मार्च
जेवण नको वाटतं. वकीलबाईंचा फोन. निकाल लेखी येईल. त्याआधी नवा जबाब सही करून पाठवता येतो, जजने घेतला तर. न घेतला तर...
कुंपणापाशी मोरीनबाई भेटल्या. माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. हसल्या. वकील असताना म्हणे हा जज असली माणसं तोंडावरून ओळखायचा, घरच्यांसाठी खोटं बोलणारी.
"नाऊ?"
"आता त्याला कागदच बघावा लागतो, डियर."

१६ मार्च, रवि.
दिलीपचा फोन. वर्षात पहिला. मुलीचं लग्न ठरलंय.
"काका, पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव तुमचं घालतोय. घरात वडील तुम्हीच."
बरं वाटलं. खोटं का लिहू, डोळे भरले.
मी विचारलं, "यायचं झालं तर उतरू कुठे?"
"छे, तुम्ही कशाला दगदग करताय? तिकडे महेश आहे की."
नाव पाहिजे. माणूस नको. महेशला सांगितलं नाही.

१८ मार्च
जबाब छापून आला. एकच पान. महेशने मराठीत वाचून दाखवला. 'माझा पुतण्या दिलीप याने मला घराबाहेर काढले.' अक्षर न् अक्षर खरं. पण कागद सरकारच्या फायलीत राहणार, नावानिशी. आणि तिकडे पत्रिका छापायला गेली असेल.
म्हटलं, "'काढले' ऐवजी 'आमचे पटले नाही' लिहून चालेल?"
"बाबा, पटलं नाही म्हणून कुणी कुणाला देशात ठेवून घेत नाही."
बरोबर बोलतो. सही नाही तर विमान, आणि विमानातून उतरून कोणाच्या दारात? सही केली तरी ही खोली, हाच बोर्ड.
सूनबाई म्हणाली, "अरे, श्वास तरी घेऊ दे त्यांना." महेश म्हणाला, "पाचला पोस्ट बंद होतं." तो खाली गाडी काढायला गेलाय.
पेन माझ्या हातात. जबाबाखाली नावाचं पहिलं अक्षर काढलंय.