शेंडेफळाची पिवळी लव

तीर्थरूप मावशी,

नमस्कार. काकांनाही सांग, आणि जरा मोठ्यानं सांग, कारण तुझ्या मागच्या पत्रावरून त्यांचा डावा कान अजून संपावरच दिसतोय. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरतेस ना, की अजूनही शेजारीण दारात उभी असली की ताठ मानेनं चढतेस आणि वर जाऊन कण्हतेस? माझी काळजी करू नकोस. खोकला गेला, भूक परत आली, आणि हे लिहिताना तू विणलेला हळदी रंगाचा स्वेटर अंगात आहे (याविषयी शेवटी दोन शब्द बोलायचेत, पण घाई नाही).

पत्राला उशीर झाला, कारण एक बातमी द्यायची आहे आणि ती कुठल्या बाजूनं उचलावी तेच कळत नव्हतं. तीन वेळा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा हवापाण्यावर दोन पानं लिहून फाडली. तेव्हा आता सगळं पहिल्यापासून सांगते. मधेच चिडलीस तर पाणी पिऊन ये, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

तू इमारतीत सगळ्यांना सांगतेस की माझी भाची झाडांची डॉक्टर आहे. मावशी, माझ्याकडे येणारी झाडं डॉक्टरच्या पलीकडे गेलेली असतात. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली, जाड कागदावर डिंकानं चिकटवलेली, लोखंडी कपाटांत एकावर एक झोपवलेली. सगळ्या खोल्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास (माझ्या पत्रांनाही येतो, असं तू म्हणतेस, ते खरं आहे). प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी असते: झाड कुठलं, कुणी आणलं, कधी आणलं. आणि आमच्याकडचा पहिला नियम असा की जुनी चिठ्ठी कधीही काढायची नाही. पुढे कुणाला वाटलं की नाव चुकलंय, तर त्यानं आपली नवी चिठ्ठी खाली लावायची, सहीतारखेसकट. म्हणजे आमच्याकडे चूक पुसत नाहीत, तिच्याखाली पुढच्या माणसाची चूक लावतात. (तू आणि काका गेली पस्तीस वर्षं हेच करताय, फक्त चिठ्ठ्या लावत नाही एवढंच.)

माझ्या वाट्याला आलेलं कपाट हिमालयातल्या जंगलात, झाडांच्या सावलीत जमिनीलगत वाढणाऱ्या वनस्पतींचं. त्यातल्या तीन सख्ख्या बहिणी माझ्या गळ्यात पडल्या. लॅटिन नावं लिहिली तर तू पत्र काकांकडे टाकशील, म्हणून त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणू. तिघींचा तोंडवळा एक. उंच सडसडीत दांडा, त्याभोवती फेर धरून बसलेली पानं, आणि पानांच्या बेचक्यातून खाली लटकणारी फिकट घंटीसारखी फुलं. थोरलीच्या पानांची टोकं सरळ. मधलीची टोकं आकड्यासारखी वळलेली. धाकटी हुबेहूब मधलीसारखी, फक्त पानांच्या पाठीवर करडी लव. ही धाकटी चाळीस वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी शोधली. एकाच दौऱ्यात, एकाच उतारावर, मोजून तीन रोपं. त्यानंतर ती कुणालाही दिसली नाही. लोक जाऊन आले, थंडीनं काकडून आले, पण धाकटी काही हाती लागली नाही.

साहेबांना सगळे पाठीमागे भिंगसाहेब म्हणतात, कारण गळ्यात कायम भिंग लटकलेलं असतं. माणसाशी बोलतानाही हात त्याच्याकडेच जातो. त्यांनी आयुष्यात हजारो कागद तपासले, दुसऱ्यांनी शोधलेल्या कित्येक नव्या जाती एका चिठ्ठीत रद्द केल्या, पण स्वतःची म्हणावी अशी जात एकच, ती धाकटी. पुढच्या महिन्याच्या अखेरीला ते निवृत्त होतायत. त्याआधी धाकटी पुन्हा सापडावी म्हणून त्यांनी मला डोंगरात पाठवलं.

अकरा दिवस मी तो उतार विंचरून काढला. मावशी, तुझा स्वेटर नसता तर आज माझीच चिठ्ठी लागली असती. दिवसा वर चढताना, रात्री तंबूत, अंगातून काढलाच नाही. (आंघोळीचं विचारू नकोस.) शेवटच्या दिवशी अचानक गारा सुरू झाल्या, तेव्हा जमवलेली रोपं भिजू नयेत म्हणून मी ती स्वेटरच्या आत पोटाशी घेतली आणि वरून हातांची घडी घालून दोन तास उतरले. वाटाड्या हसून बेजार. तो वर जातानाच म्हणाला होता, ‘ताई, ही सगळी एकच आहे. गुरं सगळी सारखीच खातात.’ मी त्याला विज्ञान समजावून सांगितलं. बिचाऱ्यानं ऐकून घेतलं.

परत येऊन रोपं वाळवली, चिकटवली, मायक्रोस्कोपखाली धरली, आणि बघते तर काय! पानांची टोकं मधलीसारखी, पण पाठीवर लव. आणि तीही धाकटीसारखी करडी नव्हे, तर पिवळी, लांब, कुरळी. म्हणजे चौथी बहीण! जगात कुणी न पाहिलेलं शेंडेफळ! त्या आनंदात मी काय केलं ते तुला माहीतच आहे. साहेबांना सांगण्याआधी तुला फोन केला आणि म्हटलं, मावशी, या झाडाला तुझं नाव देणार. तू रडलीस. मग तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना सांगून आलीस (गुडघ्यासकट), आणि काका छापील पानासाठी फ्रेम घेऊन आले. ती फ्रेम रिकामीच भिंतीवर लावली, हे तू लिहिलंस तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही.

कारण त्याच पत्रात खाली, दुधाच्या आणि गुडघ्याच्या मजकुरामध्ये, तू सहज लिहिलं होतंस: ‘स्वेटर दोनदा धुऊनच घाल गं. या लोकरीचं तूस फार निघतं. विणताना माझ्या चष्म्यावर, काकांच्या मिशीवर, पाण्याच्या भांड्यात, सगळीकडे पिवळं पिवळं झालं होतं.’

मी ती ओळ चार वेळा वाचली. मग स्वेटरकडे बघितलं. मग शेंडेफळाकडे.

आठवतं, लहानपणी मला लोकरीच्या दुकानात न्यायचीस? दुकानदार शपथा घ्यायचा, आणि तू एक धागा तोडून काडीवर धरायचीस. केस जळाल्याचा वास आला तर खरी लोकर, नाहीतर चल पुढच्या दुकानात. इतकी पुस्तकं वाचली, पण त्या क्षणी मला फक्त तू आणि तुझी काडीपेटी आठवली. आता अडचण अशी की आमची इमारत म्हणजे दोन लाख वाळक्या झाडांचा ढीग. तिथे काडी पेटवणं म्हणजे नोकरी आणि इमारत दोन्ही एकदम गमावणं. म्हणून चिमट्यानं एक केस उचलला, कागदात गुंडाळला आणि भर दुपारी मागच्या दारी, सायकली लावतात त्या उघड्या पायऱ्यांवर, ओणवी होऊन काडी ओढली. नेमके पहारेकरी काका मागे येऊन उभे. त्यांनी ओणवी बाई बघितली, काडी बघितली, धूर बघितला, आणि म्हणाले, ‘बाई, ओढायची तर फाटकाबाहेर. शिकलेल्या माणसांनीच असं केलं तर कसं व्हायचं?’ मी म्हटलं, काका, मी ओढत नाहीये, मी वास घेतेय. यानं प्रकरण आणखीनच बिघडलं. दहा मिनिटांत मी साहेबांच्या टेबलासमोर.

(वास कसला आला ते सांगायचं राहिलं. केस जळाल्याचा.)

साहेबांना सगळं सांगितलं. स्वेटर, गारा, पोटाशी घेतलेली रोपं, तुझं पत्र. शेंडेफळ म्हणजे मधलीच आहे, वर तुझ्या विणकामाचं तूस, आणि चिकटवताना ते डिंकात पक्कं बसलं. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांचा हात भिंगाकडे गेला. मावशी, तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं होतं ते मी मुद्दाम बोलले नव्हते. पण ते त्यांच्याही डोक्यात आलं. त्यांची एकुलती एक धाकटी. तिच्यात आणि मधलीत फरक काय, तर लव.

ते उठले, स्वतः कपाट उघडलं, धाकटीचे तिन्ही कागद टेबलावर मांडले. चाळीस वर्षांत त्यांना हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. बराच वेळ भिंगातून बघितलं. मग चिमट्यानं एक करडा केस उचलला आणि मला म्हणाले, ‘चला. काडीपेटी घ्या.’

मी म्हटलं, सर, राहू द्या ना. अगदी मनापासून म्हटलं. निवृत्तीला दीड महिना राहिलेला माणूस, त्याच्या नावावर जगात एवढंच एक. पण ते निघालेसुद्धा. तेव्हा पायऱ्यांवर आम्ही तिघं ओणवे: साहेब, मी आणि पहारेकरी काका (ते आता साक्षीला). साहेबांनी काडी ओढली. काकांनी नाक पुढे केलं आणि सांगून टाकलं, ‘साहेब, लोकर आहे ही.’

साहेब तिथेच पायरीवर बसले. म्हणाले, ‘आईचा मफलर. करडाच होता.’ त्या दौऱ्याला निघताना आईनं गळ्यात घातला होता. वर थंडीत रोपं काळी पडू नयेत म्हणून त्यांनी ती मफलरात गुंडाळून आणली, आणि उतरताना मफलर कुठेतरी राहून गेला. आई नवा विणायची म्हणत होती, पण त्याच वर्षी गेली. तिच्या हातचं घरात काहीच उरलं नाही, असं ते इतकी वर्षं समजत होते. मावशी, आम्ही वर आलो तेव्हा त्यांनी ते तिन्ही कागद दोन्ही हातांत असे धरले होते, की मी पुढे होऊन दार उघडलं.

मग त्यांनी पेन घेतलं आणि नियमाप्रमाणे स्वतःच्या जुन्या चिठ्ठीखाली नवी लावली. वर मधलीचं नाव आणि खाली, ‘पानांच्या पाठीवरील तंतू: लोकर. आईनं विणलेला मफलर. काढू नयेत.’ सही, तारीख. चाळीस वर्षांची जात रद्द करून तो माणूस दिवसभर गुणगुणत होता. मला म्हणाला, तुमच्या मावशींना माझा नमस्कार कळवा, त्यांनी पत्र लिहिलं म्हणून हे कळलं. मीही तेच म्हणते. तू ती ओळ लिहिली नसतीस तर मी साऱ्या जगात हसं करून घेतलं असतं, आणि त्यांची आई कपाटात पडून राहिली असती. तुझे उपकार मानावे तेवढे थोडे, आणि तुला उपकार हा शब्द आवडत नाही हे माहीत असूनही लिहितेय.

तेव्हा बातमी अशी, की तुझ्या नावाचं झाड नाही. पण फ्रेम उतरवू नकोस. शेंडेफळाच्या कागदावरही साहेबांनी स्वतः चिठ्ठी लावली आहे, आणि तिच्यात तुझं पूर्ण नाव, स्वेटरच्या रंगासकट, आहे. त्याचा फोटो सोबत पाठवतेय, फ्रेमच्या मापाचा. आमच्याकडचे कागद दोनशे वर्षं टिकतात आणि चिठ्ठी काढायची सोय नाही.

गुडघ्याला जप. काकांना थोडं सावकाश वाचून दाखव.

तुझी,
झाडांची (जवळजवळ) डॉक्टर

ता. क. वर लिहिलं की स्वेटर अंगात आहे. ते खरं नाही. तुझं ऐकून दोनदा धुतला, पण गरम पाण्यात, आणि आता तो मायक्रोस्कोपला अगदी मापात बसतो. साहेबांनी तो तिथून काढायला लावला, कारण सांगायला नको. रागावू नकोस. थंडी अजून लांब आहे, असं मी फक्त सुचवतेय.

ता. क. २. खरं काम आता सांगते. सोबतच्या कागदाच्या पुडीत एक करडा केस आहे. फाटकाबाहेर गेलेला हा पहिलाच, साहेबांच्या परवानगीनं. मी परवानगी रंग जुळवायला म्हणून मागितली, पण काय विणायचं ते सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. फक्त एवढं म्हणाले की टोकांना गोंडे होते. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत, ते निवृत्त व्हायच्या आत, होईल का गं? आणि हा धुऊ नकोस. तूस निघू दे.