बाप सभेबाहेर

१४ नोव्हेंबर २००४

चि. वासिली यास नस्तास्याआत्याचे अनेक आशीर्वाद.

विमान अँकरेजला नीट उतरलं असेलच. सभेतून असा पळालास की तुझ्यासाठी बांधलेला सुका सामन मासा इथेच राहिला. तो आता कुत्र्यांना घातला. त्यांना निदान माणसं ओळखता येतात.

गावाच्या कंपनीचे अध्यक्षसाहेब तुम्ही! नदीच्या वळणावरचा आपला मासे वाळवायचा तळ खडीवाल्यांना विकायला निघालास. मात्रोना बोलायला उठली, तर म्हणे हिच्या नावावर शेअर नाही, सरकारने कायदा करून जमिनीचे शेअर वाटले तेव्हा ही जन्मली नव्हती, हिने बाहेर बसावं. जमीन गावाची नाही, कंपनीची, कंपनी शेअरवाल्यांची. मग आम्ही कोण, भाडेकरू?

तुझा बाप गेला त्याच हिवाळ्यात शेजारी ही मात्रोना जन्मली. आपल्या रीतीप्रमाणे तिला अंगल्गाक हे त्याचंच नाव दिलं, म्हणजे तो तिच्या रूपाने परत आला. तिच्या पायात बूट घालताना 'बाबा, पाय पुढे करा' म्हणणारा तूच ना? मी तिला आजही दादाच म्हणते. भर सभेत तू बापाला दार दाखवलंस. म्हातारे त्याच्यामागे उठून गेले, म्हणून तर मत घेण्याइतकी माणसं उरली नाहीत. मला फार लाज वाटली रे.

राग आहे, माया तुटलेली नाही.
आत्या

२३ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मी बापाला नव्हे, बिनशेअरच्या व्यक्तीला बाहेर बसवलं. ही कंपनी आहे, जमात नव्हे. वकील शेजारीच होता. कोण कुणाच्या नावाने परत आलं, यासाठी कायद्यात कलम नाही. तळ विकला नाही तर कंपनी बुडेल आणि सगळीच जमीन जाईल, असं तो म्हणतो.

आता मतं टपालाने घेणार आहोत. म्हणजे कुणाला उठून जाता येणार नाही.

लोभ कमी करू नये.
वासिली

५ डिसेंबर

चि. वासिली यास आशीर्वाद.

हुशार हो! मतपत्रिका आल्या. सगळं गाव त्या घेऊन मात्रोनाच्या घरी गेलं, काय लिहायचं विचारायला. ती म्हणाली, आधी माझ्या मुलाला ठरवू दे. तो चुकला तर चारचौघांत त्याचं नाक कापायचं नाही.

त्यामुळे गाव थांबलंय. तू तिला काढलंस बाहेर, आणि ती तुझी अब्रू झाकत बसलीय. तुझ्या वकिलाला हे कुठल्या कलमात बसतं ते विचार. बुडणाऱ्या कंपनीने त्याचं बिल मात्र कधी कसं थकवलं नाही, हेही विचार.

कळव. वाट पाहते.
आत्या

१६ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस वासिलीचा साष्टांग नमस्कार.

विक्रीचा ठराव मागे घेतला. वकिलाने कारण विचारलं. मी म्हणालो, वडिलांना मान्य नाही. ते कधीच वारले ना, असं तो म्हणाला. मी त्याला कामावरून काढलं.

जूनमध्ये तळावर येतो. काय बोलायचं ते बोला, सगळ्यांसमोर बोला. फक्त बाहेर बस म्हणू नका.

तुमचा,
वासिली